पंधरा नंबर

"आपला नंबर आपणच म्हणायचा. नवऱ्याचा बायकोनं नाही, बायकोचा नवऱ्यानं नाही. कोणी खाली राहिलं तर मी परत जाऊन घेऊन येईन, पण दुसऱ्याचा नंबर म्हणणाऱ्याला मी माफ करणार नाही. कळलं का सगळ्यांना?"

बुखारेस्टच्या विमानतळाबाहेर बसमध्ये उभी राहून ऋजुता माईकवर सांगत होती. ऋजुता आमची टूर मॅनेजर. पुण्याची, तिशीतली, सगळ्यांना काका-काकू म्हणणारी आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी. मागच्या सहलीत एका काकूंनी नवऱ्याचा नंबर लाडानं म्हटला होता आणि ते काका एका किल्ल्यात चार तास बसले होते म्हणे. म्हणून हा नियम. बस सुटायच्या आधी एकपासून एकतीसपर्यंत ज्यानं त्यानं आपला आकडा ओरडायचा, मगच गाडी हलायची.

मी तेरा, हे चौदा. आमच्या मागच्या सीटवर पंधरा नंबर, नाशिकच्या वर्तक बाई. एकट्याच आल्या होत्या. केस मुलासारखे बारीक कापलेले, अंगात पिवळं जाकीट आणि साठी उलटली तरी ओठांना लालभडक लिपस्टिक. ओळख करून देताना एवढंच म्हणाल्या, "शिक्षिका होते, आता रिकामी आहे."

आम्ही इचलकरंजीचे. आमचे कापड विणायचे चोवीस माग. यांनी बाराव्या वर्षी मागावर हात ठेवला तो थेट चौसष्टाव्या वर्षी उचलला. कारखाना मुलाच्या हाती दिला आणि हे घरात बसले. मला वाटलं, आता तरी निवांत बोलू. कसलं काय! चार वर्षं घरात "हं"च्या पुढं गाडी जात नव्हती. मी बोलायची, हे टीव्ही मोठा करायचे. मी ओरडले की बारीक करायचे आणि उठून गॅलरीत जायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीनं ही सहल काढून दिली. रुमानियातली जुनी गावं, जिथं फारसं कोणी जात नाही असली. मला किल्ले-चर्चचं काही नव्हतं. दहा दिवस या माणसाला माझ्या शेजारी बसण्यावाचून गत्यंतर नाही, एवढ्यासाठी मी आले होते. बोलतील, निदान खिडकीतून गाय दिसली तर "गाय बघ" तरी म्हणतील.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी "तेरा" म्हटलं आणि पुढं शांतता.

"चौदा? होगाडे काका?"

हे समोर बघत बसलेले. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा दचकून "चौदा!" म्हणाले. बस हसली. मी म्हटलं, "विमानात झोपा म्हटलं नव्हतं मी?" मागून वर्तक बाईंचा आवाज आला, "पंधरा." त्या काही हसल्या नाहीत.

त्यानंतर तीन-चार दिवस मात्र यांचा नंबर एकदाही चुकला नाही. का चुकला नाही ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं. मी "तेरा" म्हटलं आणि दोन सीटांच्या फटीतून एक हात पुढं आला. त्यानं यांच्या कोपराला हलकंच बोट लावलं. "चौदा," हे खणखणीत म्हणाले. लगेच मागून "पंधरा".

मला वाटलं, सहज असेल. तिसऱ्या दिवशीही तेच, प्रत्येक थांब्याला तेच. तेरा, बोट, चौदा, पंधरा. दिवसातून सहा वेळा माझ्या डोळ्यांदेखत एक परकी बाई माझ्या नवऱ्याला हात लावत होती आणि हा बाबा शाळेतल्या पोरासारखा उत्तर देत होता.

बसमध्ये रोज सगळ्यांनी दोन ओळी पुढं सरकायचं, म्हणजे पुढची सीट प्रत्येकाला मिळते. पण सरकायचं सगळ्यांनीच, त्यामुळं शेजार काही सुटत नाही. डाव्या बाजूच्या खिडकीत मी, माझ्या शेजारी हे, मागं त्या. खिडकी मी कोणाला देत नाही, एसटीत दिली नाही तर तिथं कशी देईन?

आणि हे बोलायला लागले. माझ्याशी नव्हे! सिघिशोआरा गावातल्या घड्याळाच्या बुरुजाखाली मी कुल्फीएवढ्या एका आइस्क्रीमची रांग धरून उभी, आणि हे तिकडं वर्तक बाईंसमोर हात हलवून काहीतरी सांगतायत. मागावरचा धोटा कसा जातो, सुताची तार कशी तुटते, सगळं हातानं दाखवून. त्या यांच्या अगदी समोर उभ्या राहायच्या, बाजूला कधी नाही. तोंडाकडं तोंड करून, सावकाश, ओठ पुरते उघडून बोलायच्या. मला वाटायचं, लिपस्टिक दाखवायची हौस दुसरं काय. आणि हे त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हते. चाळीस वर्षांत माझ्या तोंडाकडं असं बघितल्याचं मला आठवत नाही.

"काय एवढं बोलत होतासा?" मी बसमध्ये विचारलं.

उत्तर नाही.

"अहो, तुम्हाला विचारायले!"

"हं? काय न्हाई. असंच."

रात्रीच्या जेवणाला मी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. माझ्या हातची, खलबत्त्यात कुटलेली, यांच्यासाठी आणलेली. यांनी पहिला चमचा कुणाच्या ताटात घातला? माझा घास तोंडात फिरत राहिला. शेजारच्या टेबलावरच्या सांगलीच्या काकू डोळा बारीक करून म्हणाल्या, "होगाडे काका एकदम खुलले की हो इथं येऊन!" मी म्हटलं, "हवा मानवली." हसले पण. आतून जळत होते. आता सात वर्षांनी सांगायला लाज वाटत नाही; तेव्हा मला त्या बाईचं वाईट व्हावं असं अगदी मनापासून वाटत होतं.

पाचव्या दिवशी बिएर्तान नावाच्या खेड्यात आलो. टेकडीवर चर्च, भोवती तटबंदीचे तीन फेर, वर जायला छप्पर घातलेला लाकडी जिना. चर्चच्या एका दाराला एकोणीस अडसर असलेलं कुलूप आहे, ते बघायला सगळे वाकले. मी बघितलं नाही, मी हे कुठं आहेत ते बघत होते.

तिथला गाइड म्हातारा आणि मोठा गमत्या होता. तो इंग्रजीत सांगे, ऋजुता मराठी करून सांगे. तटाच्या एका बुरुजात त्यानं आम्हाला एक खोली दाखवली. एवढीशी खोली. त्यात एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, एक ताट आणि एक चमचा.

"पूर्वी गावातल्या नवरा-बायकोला काडीमोड पाहिजे असला," ऋजुता सांगायला लागली, "तर पाद्री त्यांना दोन आठवडे इथं कोंडून ठेवायचे. खायचं एका ताटात, एकाच चमच्यानं. झोपायचं त्याच पलंगावर. तीनशे वर्षांत फक्त एकाच जोडप्यानं बाहेर येऊन काडीमोड घेतला, असं इथले लोक सांगतात!"

सगळ्यांना हसण्याच्या उकळ्या फुटल्या. जोड्या आत जाऊन फोटो काढायला लागल्या. मी माझ्या पिशवीतून कंगवा काढला, म्हटलं आपलाही एक फोटो होऊ दे, लेकीला पाठवू. केसांवरून कंगवा फिरवून वर बघते तर हे आत. खुर्चीजवळ उभे, आणि समोर वर्तक बाई. काहीतरी बोलणं चाललेलं. गाइडला वाटलं तीच जोडी. त्यानं दोघांच्या खांद्यांवर हात ठेवला, दार लावल्याचा आव आणला आणि काहीतरी म्हणाला. ऋजुता ओरडली, "तो म्हणतोय, यांना दोन आठवड्यांची गरज नाही, यांचं आधीच जमलंय!"

सगळा बुरुज हसला. वर्तक बाई "नाही, नाही" करत हात हलवत होत्या. आणि हे? हे हसत होते. मान मागं टाकून, सगळ्यांकडं बघत, मोठ्यानं हसत होते.

मी कंगवा पिशवीत टाकला आणि जिना उतरून बसमध्ये जाऊन बसले.

एकेक जण यायला लागला. हे आले, बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खिडकीबाहेर बघत होते, तेव्हा मला पिवळं जाकीट दिसलं. वर्तक बाई बसच्या जवळ येऊन, पिशवी चाचपून, पुन्हा त्या लाकडी जिन्याकडं लगबगीनं निघाल्या होत्या. काहीतरी वर राहिलं असणार. ऋजुता पुढच्या दारात ड्रायव्हरशी पुढच्या गावाच्या, सिबिऊच्या रस्त्याचं बोलत होती. तिनं बघितलं नाही. मी बघितलं.

"चला, नंबर!"

एक, दोन, तीन. आकडे मागं मागं येत होते. बारा. "तेरा," मी म्हटलं. शांतता. आज बोट नव्हतं. मी यांना कोपरानं ढोसलं. "चौदा," हे गडबडून म्हणाले.

आणि मग मी मान थोडी मागं वळवली, आवाज जरा बारीक केला आणि म्हटलं, "पंधरा."

यांच्या कानापासून वीतभर अंतरावर म्हटलं. म्हटलं आणि श्वास धरून बसले, की हे आता वळतील, "तू का म्हणालीस?" म्हणतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण हे समोर बघत होते. मागून "सोळा" आलं, "सतरा" आलं. एकतीस झाले आणि बस हलली.

मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. वीस मिनिटं मी त्या खिडकीतून गवताचे ढीग बघितले, घोडागाडी बघितली, घरांच्या छपरांवरचे बगळ्यांसारखे मोठे पक्षी बघितले. मागं रिकामी सीट होती आणि माझा नवरा माझ्या शेजारी होता. "ते बघा, पक्षी," मी म्हटलंसुद्धा. हे काही बोलले नाहीत. तेही मला चाललं.

मग ऋजुताचा फोन वाजला. आमच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर तिचा नंबर छापलेला होता.

"काय? कुठं? ... चर्चमध्ये?" ती उठून उभी राहिली. "थांबवा! गाडी थांबवा!" मग आमच्याकडं वळली. एवढ्या दिवसांत तिचा असा चेहरा आम्ही बघितला नव्हता. "वर्तक काकू वरच राहिल्यात. तिकीटवाल्या बाईच्या फोनवरून बोलतायत. पंधरा नंबर कोणी म्हटला?"

सांगलीच्या काकू म्हणाल्या, "आवाज तर बाईचाच होता." कुणी म्हणालं, "त्यांचाच असेल, नंबर म्हणून झाल्यावर उतरल्या असतील." ऋजुतानं ड्रायव्हरला मागं फिरायची खूण केली. गाडी वळली.

"का वळली गाडी?" यांनी मला विचारलं.

मी यांच्याकडं वळून म्हटलं, "वर्तक बाई मागं राहिल्या."

यांनी मान वळवून मागची सीट बघितली. मग हळूच म्हणाले, "तरीच. तरीच आज हात लागला न्हाई."

म्हणजे माझ्या तोंडावर! कसला हात, कुणाचा हात, याची चोरीसुद्धा नाही! माझं डोकंच फिरलं. हे पुन्हा समोर बघायला लागले होते. मी यांच्या कानाला लागले आणि दातांत शब्द धरून म्हटलं, "मी म्हटलं पंधरा. तुमच्या बाईला मी ठेवून आले. मुद्दाम."

हे टोपीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होते.

"ऐकलासा का? मुद्दाम ठेवून आले."

दोरा तुटला. यांनी तो खाली टाकला आणि दुसरा शोधायला लागले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मी तशीच राहिले, तोंड यांच्या डाव्या कानाशी. रागावलेला माणूस मी ओळखते, दुर्लक्ष करणारा नवरा तर चाळीस वर्षं ओळखते. हे तसलं काही नव्हतं. माझं बोलणं यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

चोवीस माग. बावन्न वर्षं. कारखान्यात डबा घेऊन गेले की मला यांच्याशी खुणांनी बोलावं लागायचं, एवढा तो खडखडाट. "कानात कापूस घाला," मी वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होते आणि हे हसण्यावारी नेत होते. टीव्ही. गॅलरी. "हं." वर्तक बाईंचं समोर उभं राहणं, ते सावकाश बोलणं, ते बोट. त्या बुरुजात सगळे हसले म्हणून हेही हसले होते. गाइड काय म्हणाला ते यांना ठाऊकच नव्हतं.

परत पोहोचलो तेव्हा वर्तक बाई जिन्याच्या तळाशी तिकीटवालीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हातात पाण्याचा ग्लास आणि चष्म्याचं घर. तेच वर राहिलं होतं. ऋजुता उतरली, तिच्यामागं मी उतरले.

"पंधरा मी म्हटलं," मी सांगून टाकलं.

ऋजुता "काकू!" म्हणाली. वर्तक बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तेरा-चौदाच्या मागं आणखी कोण म्हणणार? भांडू या आपण, पण आधी एक सांगा. त्यांनी तुम्हाला सांगितलं का?"

"सांगितलं न्हाई. डाव्या कानात बोलले मी. पोचलंच न्हाई."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "डावा पूर्ण गेलाय. उजवा निम्मा आहे."

"तुम्हाला कधी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अठ्ठावीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलं मी. ओठ दिसावेत म्हणून लिपस्टिक लावायची, ती सवय अजून सुटली नाही. पहिल्या दिवशी नंबर चुकला तेव्हाच कळलं मला. रोज म्हणतेय, होगाडे, घरी सांगा. आज त्या खोलीतही तेच म्हणत होते."

"मग का सांगत न्हाईत?"

बाईंनी चष्म्याचं घर पिशवीत टाकलं. "म्हणतात, सांगितलं की ती म्हणेल, म्हटलं नव्हतं मी?"

ते शब्द माझेच होते. खरं सांगते, त्या क्षणीही जिभेवर तेच आले होते.

लोकांना वाटतं, गैरसमज फिटला की हेवा जातो. माझा गेला नाही. त्या बाईबद्दलचा आजही थोडा आहे. नवऱ्यावरून नाही. जे मला चार वर्षांत कळलं नाही ते तिला एका दिवसात कळलं, त्यावरून.

मी त्यांची माफी मागितली. "हं," त्या म्हणाल्या, "माफीचं बघू. चटणी अजून आहे ना?" आणि माझ्या हाताचा आधार घेऊन उठल्या.

बसमध्ये ऋजुता माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, मला सगळ्यांना सांगावं लागेल." मी म्हटलं, "तू नको." तिच्या हातातला माईक घेतला. एकोणतीस माणसं माझ्याकडं बघत होती, हेही बघत होते.

"पंधरा मी म्हटलं होतं," मी म्हणाले. "चुकून न्हाई. तुम्हा सगळ्यांचा खोळंबा केला."

सांगलीच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. मी आमच्या सीटजवळ आले. यांच्या चेहऱ्यावर घाबरल्यासारखं काहीतरी होतं. माईकवरचं किती कळलं होतं, देव जाणे.

"काय म्हणालीस? काय झालं?"

मी यांच्या समोर उभी राहिले. अगदी समोर. तोंड पुरतं उघडून सावकाश म्हटलं, "उठा. खिडकीत सरका."

"खिडकी? तुझी?"

"सरका म्हणते न्हवं."

हे सरकले. मी पलीकडं, यांच्या उजव्या हाताला बसले. मागं वर्तक बाई बसल्याचा आवाज झाला. ऋजुतानं माईक घेतला आणि जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नंबर."

एक, दोन, तीन. पुढून आकडे येत होते. बारा.

"तेरा," मी यांच्या उजव्या कानाशी म्हटलं.

मागच्या फटीतून बोट पुढं आलं होतं. हे माझ्याकडं बघून आपणहून म्हणाले, "चौदा." ते बोट तिथंच थांबलं आणि सावकाश परत गेलं.

"पंधरा," मागून वर्तक बाई म्हणाल्या.

गाडी निघाली. गाव संपलं तसं यांनी काचेवर बोट टेकवलं.

"विजू," हे म्हणाले, "गाय बघ."